न आलेली तिसरी तार



चैत्र सरत आला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच काम निघतं. गोठ्यात नाहीतर माळ्यावर पडून असलेला कूलर खाली उतरवायचा. जुन्या ताट्या काढायच्या, नवं गवत भरायचं, टपाला भोक पडलं असेल तर डांबर थापायचं, पंप चालतो का ते पाहायचं. कूलर लावतात पुरुष. मग पाऊस पडेपर्यंत रोज त्यात बादल्या ओततात बाया. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण ती आहे, आणि आजच्या बोलण्यात ती पुन्हा येणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींना पाणी भरताना झटका बसला. बादली हातातून उडाली आणि मावशी मागे भिंतीवर आदळल्या. महिन्याच्या बैठकीत हप्ते लिहून झाल्यावर त्यांनी हे सहज सांगितलं आणि वर म्हणाल्या, "काही नाही व, जरासा झटकाच तं होता." आम्ही बाकीच्यांना विचारलं, कूलरचा झटका कोणाकोणाला बसलाय? एकही हात खाली राहिला नाही. कोणी म्हणालं, आमच्या कूलरला आधी उलट्या हाताने शिवून पाहावं लागतं. कोणी म्हणालं, चप्पल घातली की काही होत नाही. एकीने तर पोरं जाऊ नयेत म्हणून कूलरसमोर खाटच आडवी लावून ठेवली होती.

म्हणजे झटका सगळ्यांच्या ओळखीचा, उपाय ज्याचे त्याचे, आणि आपल्या घरातली वीज अशी का आहे हा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नाही. तो आम्ही विचारायचं ठरवलं. जुन्या माणसांशी बोललो, विजेच्या नियमांची पुस्तकं मिळवून वाचली, एका निवृत्त वायरमनदादांना दोन दुपारी चहावर बसवून घेतलं. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

कूलर यायच्या आधीही उन्हाळा होताच. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, ही काही आजची गोष्ट नाही. तेव्हा जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरं होती, आणि ज्यांना परवडे त्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असत. साहेबांच्या बंगल्यात आणि बड्या वाड्यांत त्या ताट्यांवर पाणी मारायला गडी असे. तापलेला वारा ओल्या ताटीतून गार होऊन आत यायचा, वाळ्याचा वास घेऊन. कूलरचं तत्त्व अगदी तेच. वाऱ्याच्या जागी पंखा आला, गड्याच्या जागी पंप आला, एवढाच फरक. पण त्या फरकाने ओल्या ताटीच्या शेजारी वीज येऊन बसली.

ती वीज आपल्याकडे आली कशी? अमरावती आणि अकोला शहरांत ती खेड्यांच्या कितीतरी आधी आली, खाजगी कंपन्यांमार्फत. अकोल्यात अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी होती. दिवे लागले ते पेठेत, कचेऱ्यांत, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या आणि वकिलांच्या घरांत. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पुढे त्या दशकात बाळापूर तालुक्यातलं पारसचं वीज केंद्र उभं राहिलं. पारसची धुराडी लांबून दिसायची, आणि त्याच टापूतल्या कित्येक घरांत रात्री रॉकेलची चिमणी जळायची.

खेड्यांकडे तारा वळल्या त्या मुख्यतः पाण्याच्या मोटारींसाठी. १९६९ साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. सरकारी हिशेबात गाव 'विद्युतीकरण झालेलं' कधी मानायचं, याची त्या काळची व्याख्या ऐकण्यासारखी आहे. गावाच्या शिवारात कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गावाला वीज आली! म्हणजे एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार बसली की कागदावर सगळं गाव उजळलं, मग घराघरांत अंधार असला तरी चालेल. २००४ साली व्याख्या बदलली, आणि निदान दहा टक्के घरांत, शाळेत, पंचायतीत वीज हवी असं ठरलं. दहा टक्के! मेळघाटातल्या पाड्यांचं तर विचारूच नका.

वायरमनदादा सांगत होते, त्यांनी नोकरीला सुरुवात केली तेव्हा घरात वीज आणायची म्हणजे सागाच्या पट्टीवर खिळे मारून दोन वायरी ओढायच्या, काळ्या बेकेलाइटचं बटण, चिनी मातीचा फ्यूज, मधल्या खोलीत एक बल्ब. दोन वायरी. एक फेज, एक न्यूट्रल. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. बल्ब लावायला एवढं पुरे होतं. बल्ब उंच टांगलेला, त्याला कोणी हात लावत नाही. तिसरी, जमिनीत जाणारी, अर्थिंगची तार असायला हवी होती, पण बल्बला तिची गरज भासत नव्हती. मग कोण कशाला खड्डा खणतं?

इथे आम्ही नियमांचं पुस्तक उघडलं आणि थक्क झालो. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतच लिहिलेलं आहे की वीज देणाऱ्याने ग्राहकाच्या घरी, जिथून वीज आत येते त्या जागेजवळ, हाताशी येईल असं अर्थिंगचं टोक द्यायचं आणि ते नीट राखायचं. २०१० साली नवे सुरक्षा नियम आले, त्यांतही ते तसंच होतं. म्हणजे तिसरी तार आपल्याला कबूल केलेली होती, आणि आपल्यातल्या बहुतेकींच्या जन्माआधीपासून कबूल केलेली होती. आम्ही आमच्या गल्लीतले मीटर पाहून आलो. कुठे ते टोक लावलेलंच नव्हतं. कुठे तार होती, पण गंजून अर्ध्यात तुटलेली. कुठे घर पाडून स्लॅबचं बांधताना मिस्त्रीने उपटून टाकली होती, आणि ती कशाची होती हे घरात कोणाला माहीत नव्हतं. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक आमच्याकडे घरोघरी आहे. त्याच्या मागे तार नाही.

आता या दोन तारांच्या घरात पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत काय काय आलं पाहा. इस्त्री आली, मिक्सर आला, टीव्ही, फ्रिज, पाण्याची मोटार आणि कूलर आला. पत्र्याचा. पत्र्याच्या टपात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, वर मोटार, आणि या सगळ्याला हात लावणारी बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी. पंपाच्या वायरीचं आवरण कुठेतरी चिरलं, की करंट पाण्यातून पत्र्यात उतरतो. तिसरी तार असती तर तो तिथून जमिनीत गेला असता. ती नाही, म्हणून तो वाट पाहत पत्र्यात थांबतो. हात लागला की वाट मिळते.

त्यात आपली माती आणि आपलं पाणी. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणींना कूलरच्या ताट्यांवर आठवड्याभरात चढणारा पांढरा थर माहीत आहे. खारं पाणी पत्रा खातं, पंपाची वायर खातं, आणि गोड्या पाण्यापेक्षा त्यातून करंट जास्त सहज जातो. काळ्या जमिनीचं दुसरं दुखणं. पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते. ज्या महिन्यात कूलर चालतो त्याच महिन्यात अर्थिंग कोरडं पडतं. म्हणून ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनी तुळशीसारखं त्यालाही उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. हे काम मात्र कूलर लावणाऱ्यांनी अंगावर घ्यायला हरकत नाही.

भारनियमनाचे दिवस आठवतात ना? २००५ नंतरची काही वर्षं. दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची. लाईट गेली की बाया म्हणायच्या, चला, तेवढ्यात कूलर साफ करून घेऊ. पिन तशीच बोर्डात, हात पंपावर, आणि अचानक लाईट यायची. वायरमनदादा म्हणाले, त्या वर्षांत 'लाईट नव्हती म्हणून हात घातला' हे वाक्य त्यांनी फार ऐकलं.

"पण आमच्याकडे फ्यूज आहे," असं कोणी म्हणेल. आम्हीही म्हणालो होतो. फ्यूज कशासाठी असतो ते तेव्हा कळलं. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरच्या वर करंट गेला की वितळतो, आणि घरातल्या वायरीला आग लागण्यापासून वाचवतो. एक अँपिअर म्हणजे हजार मिलीअँपिअर. साठ वॅटच्या जुन्या बल्बमधून साधारण अडीचशे मिलीअँपिअर जातो. ओल्या हातापायांच्या माणसातून शंभर-दीडशे मिलीअँपिअर जाऊ शकतो, आणि तेवढ्याने काळीज थांबतं. फ्यूजच्या लेखी हा एका बल्बइतकासुद्धा भार नाही. माणूस मरतो आणि फ्यूज शाबूत राहतो. आता नव्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबीचा खटका असतो, पण त्याचंही काम तेच, वायर वाचवणं. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळून घालणारे हुशार भाऊ तर प्रत्येक गल्लीत आहेत. ते वायरसुद्धा वाचू देत नाहीत.

मग माणसाला वाचवणारं काही आहे की नाही? आहे. आणि त्याची गोष्ट एका बाईपासून सुरू होते.

आधी एक आकडा सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. विजेची तार हातात धरली असताना माणूस ती स्वतःहून कुठपर्यंत सोडू शकतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात धडधाकट माणसांवर, जपून, मोजलं. आपण म्हणतो ना, 'करंटने धरून ठेवलं', तेच. करंट हातातल्या स्नायूंची मूठ आवळतो आणि मूठ उघडत नाही. त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया तपासल्या. पुरुषांचा सरासरी आकडा निघाला १६ मिलीअँपिअर. स्त्रियांचा साडेदहा. म्हणजे ज्या करंटला घरातला पुरुष हात झटकून शिव्या देत बाजूला होतो, त्याच करंटला बाईचा हात चिकटून राहू शकतो. आणि कूलरमध्ये पाणी कोण भरतं?

आता दक्षिण आफ्रिका. जोहान्सबर्गच्या बाजूला सोन्याच्या खाणी आहेत. खाणीत ओल, यंत्रं आणि वीज, त्यामुळे विजेचे अपघात ही तिथली मोठी काळजी होती. तिथल्या एका कारखान्यातले हेन्री रुबिन नावाचे अभियंते १९५५ पासून करंटची गळती ओळखणारं यंत्र घडवत होते. मग स्टिलफाँटीन नावाच्या खाणकामगारांच्या वसाहतीत एक स्त्री घरातच शॉक लागून गेली. तिची ओळख सांगताना नुसतं 'एक स्त्री' एवढंच लिहितात. तिच्या मृत्यूनंतर १९५७ आणि १९५८ या दोन वर्षांत त्या वसाहतीतल्या काही शे घरांत हे यंत्र बसवलं गेलं. खाणीसाठी सुरू झालेलं काम एका घरातल्या बाईच्या मरणामुळे चुलीपर्यंत आलं.

त्या यंत्राची आजची आवृत्ती म्हणजे आरसीसीबी. आपल्याकडचे दुकानदार आणि मिस्त्री अजून 'ईएलसीबी' म्हणतात, तसं मागितलंत तरी समजतात. ते काम कसं करतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको, कारण आपण दर महिन्याला तेच करतो. वहीत जितके रुपये बाहेर गेले तितके परत जमा झाले पाहिजेत. हे यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतं. तीस मिलीअँपिअर कमी आले, म्हणजे ते कुठेतरी दुसरीकडे गळताहेत, एखाद्या माणसातूनही असतील, असं समजून ते तिथेच खटका पाडतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तीस मिलीअँपिअर म्हणजे सात वॅटच्या एलईडी बल्बमधून जातो साधारण तेवढा. तिसरी तार असेल तर कोणाचा हात लागण्याआधीच खटका पडतो. नसेल तर तुम्हाला क्षणभर झटका बसतो आणि मग पडतो. म्हणून तार हवीच, पण ती येईपर्यंत यंत्राने निदान जीव राहतो.

आपल्या देशात या यंत्राचं भारतीय मानक १९८८ साली तयार झालं. याच सुमारास, १९८८-८९ मध्ये, सरकारने कुटीर ज्योती योजना आणली आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एका बल्बची जोडणी दिली. याच १९८८ साली अहमदाबादेत सिंफनी कंपनी सुरू झाली आणि प्लॅस्टिकचा कूलर बाजारात आला. तो पैसेवाल्यांकडे गेला, आपल्याकडे पत्र्याचाच राहिला. एकाच वर्षाच्या आगेमागे देशाला जीव वाचवणारं यंत्र ठाऊक होतं, गरिबाच्या घरी वीज जात होती, आणि दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही. २०१७ साली सौभाग्य योजना आली. तिच्यातही मीटर, एक पॉइंट आणि एक एलईडी बल्ब.

आणि २०१० चे ते सुरक्षा नियम? त्यांत हे यंत्र होतं. घरगुती जोडणीसाठी तीस मिलीअँपिअर, असं स्वच्छ लिहिलं होतं. पण त्याच वाक्यात पाच किलोवॅटच्या खालच्या लहान जोडण्यांना सूट होती. आमच्या घरातला कूलर, दोन पंखे, टीव्ही, मिक्सर आणि पाण्याची मोटार सगळं एकदम लावलं तरी पाच किलोवॅट होत नाही. सूट म्हणजे आपला फायदा असं वाटतं, पण इथे सूट मिळाली ती वाचण्यातून. बंगल्यात टाइल्सवर चप्पल घालून फिरणाऱ्यांना यंत्र सक्तीचं केलं, आणि शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईला ऐच्छिक ठेवलं. आम्हाला हे चूकच वाटतं.

एवढं कळल्यावर आम्ही गटात ठराव घेतला. कूलरसाठी कर्ज मागितलं तर यंत्राचे पैसे त्यातच धरायचे. किंमत कूलरच्या मानाने फार नाही, दीड-दोन हजारांच्या घरात. घेताना आयएसआयची खूण आणि ३० मिलीअँपिअर हा आकडा पाहून घ्यायचा. शेतीच्या पंपासाठी मिळतं ते १०० किंवा ३०० चं चालत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी राहू द्यायची, कारण दोघांची कामं वेगळी. आणि हे यंत्र देव नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर त्याचा हिशेब बरोबर जुळतो आणि ते गप्प राहतं. म्हणून पाणी भरताना पिन काढायची ती काढायचीच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कित्येक बोर्डांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं.

मिस्त्री शोधतानाही आम्हाला शिकायला मिळालं. एकाने सांगितलं, अर्थिंगसाठी खड्डा कशाला, सॉकेटच्या वरच्या भोकाला न्यूट्रलच जोडून देतो, काम एकच. ते एक नाही. न्यूट्रल खांबावर तुटली, तर अख्खा कूलर फेजचा होतो. दुसरी खोड आपल्याच लोकांची. न्यूट्रल गेली की बल्बची एक वायर हातपंपाला नाहीतर अर्थिंगच्या पाइपाला जोडून लाईट चालवायची. त्या वेळी हातपंपावर कोण असतं, हे सांगायला नको. कपडे वाळत घालायची लोखंडी तारही तपासा. सर्व्हिस वायर जिथे पत्र्याला घासते, तिथेच बहुतेक वेळा ती बांधलेली असते. तिच्या जागी नायलॉनची दोरी लावायला दहा मिनिटं लागतात. आणि कोणाला करंटने धरलंच, तर आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला. हाताने ओढायला जाऊ नका, मग दोघी चिकटता.

ज्या मावशींपासून हे सुरू झालं, त्यांच्या घरी पहिलं यंत्र बसलं. पहिल्या आठवड्यातच ते तीनदा पडलं. घरात कटकट सुरू झाली. मुलगा म्हणाला, यंत्र खराब आहे, काढून टाकू, नाहीतर रात्रभर उकाड्यात झोपावं लागेल. मावशी अडून बसल्या. एकेक वस्तू काढून पाहिली. पंखा लावला, पडलं नाही. टीव्ही लावला, पडलं नाही. पंप लावला, खट्‌. पंपाची वायर टपाच्या धारेला घासून सोलली होती, आणि तिच्यावर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढला होता. मागच्या वर्षीचा झटका तिथूनच आला होता. वायर बदलली, टपाच्या धारेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिरून बसवला.

त्या यंत्रावर 'टी' अक्षराचं एक छोटं बटण असतं, तपासणीसाठी. बैठकीच्या दिवशी सकाळी मावशी ते दाबतात. खटका पडतो, पंखा थांबतो, आतून कोणीतरी ओरडतं. मावशी खटका वर करतात, वही पिशवीत घालतात आणि निघतात.